फायबरवरचा लँडलाइन आणि त्याच्या तक्रारी: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांब्याच्या तारेवरचा जुना फोन काढून फायबरवरचा घेतलेल्या ग्राहकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फोन आत्ता बंद असेल तर प्रश्न ३ पासून वाचा. तक्रार करून करून थकला असाल, तर सरळ प्रश्न १४ वर जा.

१. नंबर तोच, फोनचं यंत्रही तेच. मग बदललं काय?

पूर्वी एक्स्चेंजमधून तांब्याच्या दोन तारा थेट तुमच्या भिंतीपर्यंत यायच्या. फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीजही त्याच तारांतून यायची. आता येते ती काचेची तार, तिच्यातून वीज येत नाही. भिंतीवरचा पांढरा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात आणि आपण सरसकट मोडेम किंवा राउटर म्हणतो, तो तुमच्या आवाजाचा डेटा करतो आणि कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या नंबरची नोंदणी टिकवून ठेवतो. ही नोंदणी तुटली की फोन गेला, इंटरनेट कितीही व्यवस्थित चालत असलं तरी.

म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो: घरात, वाटेतल्या फायबरमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर. बहुतेक मनस्ताप यामुळे होतो की ग्राहक एका जागचा बिघाड सांगतो आणि कंपनी दुसऱ्याच जागी माणूस पाठवते.

२. लाइट गेली की फोनही जातो. जुना फोन तर अंधारातही चालायचा!

चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळत होती. आता ती सोय तुम्हालाच करावी लागते, आणि कनेक्शन देताना हे स्पष्ट सांगणं कंपनीचं काम आहे. ते क्वचितच सांगितलं जातं.

घरी इन्व्हर्टर असेल तर डबा त्याच्या पॉइंटवर घ्या. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच असतो, तो 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडवर असताना वीज जाणं आणि इन्व्हर्टर सुरू होणं यात क्षणभराचं अंतर पडतं, तेवढ्यात डबा रिस्टार्ट होतो आणि फोन परत यायला दोन ते पाच मिनिटं जातात. उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट झपकली की 'फोन सारखा बंद पडतो' असं वाटतं, ते यामुळेच.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या. आधी डब्याच्या अॅडॅप्टरवर 'आउटपुट' पुढे काय लिहिलंय ते वाचा. बहुधा १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर असतं. व्होल्टेज तेच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. जॅक बसतो की नाही, हे दुकानातच लावून पाहा. बॅकअपचा हिशोब असा: ८८०० एमएएचचा यूपीएस म्हणजे ३.७ व्होल्टने गुणल्यावर साधारण ३२ वॉट-तास. थोडी गळती वजा केली की १० वॉटचा डबा पावणेतीन तास चालतो. खोक्यावर आठ तास लिहिलं असेल तर ते छोट्या राउटरचं गणित असतं.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. फोन कॉर्डलेस असेल तर त्याच्या बेसलाही वीज लागते, म्हणून वायरचा एक साधा फोन घरात ठेवाच. आणि घरी सगळं नीट असूनही वस्तीतली लाइट गेली की फोन जात असेल, तर स्थानिक ऑपरेटरचा स्विच जवळच्या खांबावरच्या पेटीत किंवा एखाद्या बिल्डिंगच्या जिन्यात आहे आणि त्याला बॅटरी नाही, असं समजा. तक्रार तशीच लिहा: 'घरी बॅकअप आहे, वस्तीतली वीज गेल्यावर सिग्नल जातो.'

३. वाय-फाय मस्त चालू आहे, पण फोनला टोन नाही. कस्टमर केअरवाले म्हणतात, इंटरनेट सुरू म्हणजे लाइन ठीक.

लाइन ठीक आहे, फोन ठीक नाही. दोन्ही वेगळ्या सेवा आहेत आणि डब्यावर दोन्हींचे दिवे वेगळे असतात. 'टेल', 'फोन' किंवा 'पॉट्स' असं लिहिलेला दिवा पाहा.

दिवा लागलेला आहे पण टोन नाही, तर दोष घरातला असण्याची शक्यता जास्त. घरभर गेलेली वायर काढा आणि वायरचा साधा फोन थेट डब्याच्या फोन पोर्टमध्ये लावा. हे पोर्ट इंटरनेटच्या पोर्टपेक्षा लहान असतं. टोन आला तर वायरिंग किंवा जुनं यंत्र खराब आहे (प्रश्न ९ पाहा). डब्यावर दोन फोन पोर्ट असतील तर दुसऱ्यातही लावून पाहा, कारण बहुधा एकच सुरू केलेलं असतं.

दिवाच बंद आहे, तर सर्व्हरवरची नोंदणी झालेली नाही. डबा स्विचवरून बंद करून दोन मिनिटांनी सुरू करा आणि पाच मिनिटं थांबा. तरीही दिवा लागला नाही तर काम कंपनीचं आहे. फोनवर हेच शब्द वापरा: 'डेटा सुरू आहे, व्हॉइस रजिस्टर होत नाही, ओएनटीचा फोन दिवा बंद आहे.' एवढं सांगितलं की 'राउटर बंद-चालू करा' हे पान सहसा उलटलं जातं.

डबा बदलून दिल्यावर हा त्रास फार येतो. लाइनमन नव्या डब्यात इंटरनेटची माहिती भरतो आणि व्हॉइसची राहून जाते. तो दारात असतानाच एक कॉल करून आणि एक कॉल घेऊन पाहा, मगच त्याच्या कागदावर किंवा ओटीपीवर होकार द्या.

टाचणीने रीसेट करू नका. त्यात व्हॉइसची सेटिंग आणि इंटरनेटचं युजरनेम दोन्ही पुसली जाऊ शकतात, आणि ती पुन्हा भरणं तुमच्या हातात नसतं.

४. डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय. याचा अर्थ काय?

'एलओएस' लिहिलेला लाल दिवा म्हणजे प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. इंटरनेट आणि फोन दोन्ही बंद असतील. आधी डब्यामागची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर पाहा. झाडताना ओढली गेली, कपाटामागे दबली किंवा घट्ट गुंडाळली गेली तर सिग्नल जातो. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण तिला देऊ नका. टोकाला हिरवा कनेक्टर असतो, तो काढला तर आतल्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नका आणि निळ्या कनेक्टरला जोडू नका. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. जोडले तर बसतात, पण सिग्नल पडतो.

घरातली वायर नीट असेल तर फायबर बाहेर तुटलं आहे. नागपुरात त्याची नेहमीची कारणं म्हणजे सिमेंट रस्त्याचं किंवा गटारीचं खोदकाम, पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी आणि खांबांवरच्या केबल कुरतडणाऱ्या खारी. शेजारी त्याच ऑपरेटरचं कनेक्शन असेल तर विचारा. दोघांचं बंद असेल तर तक्रारीत दोन्ही नंबर द्या, म्हणजे एका घराचा नाही, केबलचा बिघाड म्हणून काम निघतं.

५. आवाज कटून कटून येऊन राहिला. कधी समोरच्याला मी ऐकू येतो, मला तो नाही.

आधी ठरवा की तुम्ही बोलता कशावर. डब्याच्या फोन पोर्टला लावलेल्या फोनवर, की मोबाइलमधल्या कंपनीच्या अॅपवर?

फोन पोर्टवरचा आवाज बहुतेक कंपन्या वेगळ्या मार्गाने आणि प्राधान्याने नेतात. त्यामुळे 'मुलं गेम खेळतात म्हणून आवाज कटतो' हे कारण इथे सहसा लागू पडत नाही, आणि मोठा प्लॅन घेऊन फरक पडत नाही. एका कॉलला दोन्ही दिशांना शंभर केबीपीएसच्या आतच जागा लागते, म्हणजे ३० एमबीपीएसचा प्लॅनही कितीतरी पट पुरतो. प्लॅन वाढवा असं कोणी सुचवलं तर हे त्याला सांगा. इथे पाहायचं ते फायबरच्या सिग्नलकडे. ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१, डब्याखालच्या स्टिकरवर असतो) टाकला की 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. वजा १५ ते वजा २५ डीबीएम चांगलं. वजा २७ च्या पलीकडे गेलं की बहुतेक डब्यांना सिग्नल नीट वाचता येत नाही आणि आधी आवाजच खराब होतो. आकड्याचा फोटो काढा आणि तक्रारीला जोडा. आवाज फक्त संध्याकाळी सात ते दहा कटत असेल, तर कंपनीच्या पुढच्या लाइनवर गर्दी आहे. वेळा लिहून ठेवा, नाहीतर सकाळी तपासायला आलेल्या माणसाला काहीच सापडणार नाही.

अॅपवर बोलत असाल तर गोष्ट उलटी. तिथे घरचं वाय-फायच जबाबदार असतं. डब्याच्या खोलीत उभं राहून बोला. आवाज सुधारला तर भिंती आड येतात. एकच बाजू ऐकू येत असेल आणि कंपनीच्या डब्यापुढे तुम्ही स्वतःचा राउटर लावला असेल, तर दोन्ही डबे घरातल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते (आयपी) वाटत असल्याने आवाजाचा परतीचा रस्ता चुकतो. तुमचा राउटर 'ब्रिज' किंवा 'अॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, आणि त्यात 'सिप एएलजी' नावाची सेटिंग असेल तर ती बंद करा.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर बहुतेकदा समोरच्याचा स्पीकर किंवा तुमचं जुनं यंत्र कारण असतं. यंत्र बदलून पाहण्याआधी तक्रार करू नका.

६. मोबाइलला फोन लागतच नाही, 'क्रमांक तपासा' म्हणतो.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला लावताना आधी शून्य लावावं लागतं, मोबाइल नागपूरचाच असला तरी. कॉर्डलेसच्या फोनबुकात आणि स्पीड डायलमध्ये जुने दहा अंकी नंबर असतील तर ते दुरुस्त करा. स्थानिक लँडलाइनला सात अंकी नंबर लागत नसेल तर ०७१२ लावून पाहा, काही कंपन्यांच्या फोनवर कोड लागतो.

७. बँकेचा कॉल 'एक दाबा' म्हणतो, मी दाबतो, त्याला कळतच नाही.

फोनवर 'पी' आणि 'टी' असा छोटा स्विच असेल तर तो 'टी' वर म्हणजे टोनवर करा. तरीही होत नसेल, आणि दुसऱ्या यंत्रावरही तसंच होत असेल, तर बटणांचे सूर आवाजासोबत कॉम्प्रेस होऊन बिघडत आहेत. हे डब्यातल्या 'डीटीएमएफ' सेटिंगचं काम आहे आणि ते कंपनीला दुरूनच करता येतं. तक्रारीत 'डीटीएमएफ पुढे जात नाही' असं लिहा, माणूस यायची वाट पाहू नका.

८. फोनवर येणाऱ्याचा नंबर दिसत नाही. पूर्वी दिसायचा.

जुने एक्स्चेंज नंबर ज्या पद्धतीने पाठवायचे, ती आणि नव्या डब्याची पद्धत जुळत नसावी. एक डीटीएमएफ, दुसरी एफएसके. काही यंत्रांच्या मेन्यूत ती बदलता येते, नाहीतर कंपनीकडून डब्यात बदलून घ्या. नवा फोन विकत घेण्याची गरज बहुधा नसते.

९. घरात तीन खोल्यांत फोन होते. आता फक्त डब्याजवळचा चालतो.

जुनी घरातली वायरिंग वापरता येते, पण एक काम आधी करावंच लागतं: बाहेरून येणारी तांब्याची जोडी तोडून वेगळी करणं. ती जोडलेली राहिली आणि डब्याच्या पोर्टमधून तीच वायरिंग सुरू केली, तर एक्स्चेंजची वीज किंवा विजांच्या दिवसांतला झटका डब्यात शिरू शकतो. पोर्ट जळतं आणि डब्याचे पैसे तुमच्याकडे मागितले जातात. भिंतीवरच्या पहिल्या डबीतली (रोझेट) बाहेरची जोडी काढा, तिच्या टोकांना टेप लावा, मगच डब्यापासून आलेली वायर तिथे जोडा.

डब्याचं पोर्ट साधारण दोन ते तीन साध्या फोनना घंटी वाजवण्याइतकी ताकद देतं. जास्त जोडले की घंटी वाजत नाही किंवा अर्धवट वाजते. दुसऱ्या मजल्यासाठी कॉर्डलेसचा जादा हँडसेट घेणं सोपं.

१०. इतवारीत दुकान आहे. ईपीएबीएक्स, फॅक्स, कार्डाचं मशीन, सगळं या फोनवर चालेल का?

ईपीएबीएक्स, म्हणजे दुकानातले अनेक फोन जोडणारं छोटं एक्स्चेंज, चालतो. डब्याचं फोन पोर्ट त्याच्या ट्रंक पोर्टला जोडायचं. ठरलेली अडचण म्हणजे समोरच्याने फोन ठेवला तरी तुमची लाइन अडकून राहते आणि पुढचं गिऱ्हाईक 'एंगेज' ऐकतं. जुना एक्स्चेंज कॉल संपल्याची विजेची खूण द्यायचा, डबा ती देईलच असं नाही. ईपीएबीएक्सच्या तंत्रज्ञाकडून 'बिझी टोन डिटेक्शन' सुरू करून घ्या, किंवा कंपनीला 'पोलॅरिटी रिव्हर्सल' सुरू करायला सांगा. आपोआप स्वस्त लाइन निवडण्याची यादी त्यात भरलेली असेल तर तिथेही मोबाइलआधीचं शून्य टाकायचं आहे. चार-सहा लाइन लागत असतील तर वेगवेगळे डबे घेऊ नका, सिप ट्रंक, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक लाइन, मागा.

फॅक्स भरवशाचा नाही. लागणारच असेल तर वेग ९६०० वर आणा, 'ईसीएम' (चूक दुरुस्तीची सेटिंग) बंद करा आणि कंपनी 'टी ३८' (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची पद्धत) देते का ते विचारा. फोन लाइनवरचं कार्ड मशीन बदलून सिमवरचं किंवा वाय-फायवरचं घ्या. सोसायटीच्या लिफ्टमधला किंवा आगीच्या अलार्मचा फोन या लाइनवर ठेवूच नका, कारण तो नेमका वीज गेल्यावर लागतो. त्याला बॅटरीसह सिमचं यंत्र बसवा.

११. कंपनी बदलली तर माझा जुना नंबर राहील का?

नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात फक्त मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. विक्रीवाल्याने 'नंबर पोर्ट होईल' म्हटलं तर ते लेखी मागा, तो देणार नाही. एकाच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जाताना मात्र नंबर राहू शकतो, बीएसएनएलमध्ये हे नेहमी केलं जातं. अर्जावर तोच नंबर लिहिलेला आहे हे सही करण्याआधी पाहा. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांनी, जिथे जुना नंबर रुग्णांच्या फायलींवर छापलेला आहे, जुनं कनेक्शन काही महिने तसंच ठेवून त्यावर नव्या नंबरकडे कॉल वळवणं चांगलं.

१२. घर बदललं. डबा उचलून नव्या घरी लावला तर चालेल का? किंवा पुण्याला मुलाकडे नेला तर?

नाही. डबा त्या फायबरशी बांधलेला असतो आणि लँडलाइन नंबर नोंदवलेल्या पत्त्यासाठी असतो. शिफ्टिंगचा अर्ज द्या. नागपूर शहरात प्रतापनगरहून नंदनवनला गेलात तर नंबर राहू शकतो. पण हिंगणा, कामठी, काटोल, रामटेक यांचे एसटीडी कोड ०७१२ नाहीत. वस्ती शहराला लागून असली तरी नव्या पत्त्याचा कोड वेगळा निघाला तर नंबर बदलेल. घर घेताना नाही, तरी शिफ्टिंगचे पैसे भरताना हे विचारून घ्या.

१३. आई-बाबा घरी एकटेच असतात. संकटात या फोनवर भरवसा ठेवता येईल का?

फक्त या फोनवर नाही. प्रश्न २ मधली बॅकअपची सोय करा, वायरचा फोन त्यांच्या पलंगाजवळ ठेवा आणि सोबत बटणांचा एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवा. लँडलाइनवरून ११२ लावल्यावर मदत करणाऱ्यांच्या हाती कंपनीच्या नोंदीतला पत्ता असू शकतो, म्हणून फ्लॅट नंबर, मजला, जवळची खूण अशी ती नोंद अचूक करून घ्या, आणि त्यांना बोलताना आधी पत्ता सांगायची सवय लावा.

१४. तक्रार करतो, दुसऱ्या दिवशी 'सोडवली' असा मेसेज येतो, फोन बंदच. काय करायचं?

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे, आणि यात ग्राहकाचा दोष काहीच नसतो. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम २०१२ नुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळालाच पाहिजे. लाइनमनच्या व्हॉट्सअॅपवर किंवा केबलवाल्याच्या दुकानात सांगितलेली तक्रार म्हणजे तक्रार नव्हे, तिला नंबर नाही आणि तिची मुदतही सुरू होत नाही. त्याला जरूर सांगा, पण कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा अॅपवर नोंदवाच.

'सोडवली' असा मेसेज आला की त्याच दिवशी फोन करून तीच तक्रार पुन्हा उघडायला सांगा. ते नवीनच घेत असतील तर नव्या तक्रारीत जुना डॉकेट नंबर लिहायला लावा, म्हणजे दिवस पहिल्या तारखेपासून मोजता येतात. एका वहीत तारीख, वेळ, डॉकेट नंबर आणि कोणी काय सांगितलं ते लिहा. बंद दिव्याचा फोटो, आणि दुसऱ्या मोबाइलवरून तुमचा नंबर लावताना ऐकू येणाऱ्या घोषणेची ध्वनिचित्रफीत ठेवा. 'ग्राहक घरी नव्हता' हे कारण देऊन तक्रार बंद केली असेल, तर त्या दिवशी कंपनीकडून आलेल्या कॉलची नोंद मोबाइलमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर तोच तुमचा पुरावा.

१५. केबलवाला म्हणतो कंपनीला सांगा, कंपनी म्हणते केबलवाल्याला. जबाबदार कोण?

बिल ज्याच्या नावाने निघतं तो. खांबावरून घरापर्यंतची तार स्थानिक ऑपरेटर सांभाळतो हा त्यांच्या आपसातला करार आहे. तक्रार बिलावरच्या नावाविरुद्ध करा. पावतीच मिळत नसेल, महिन्याला रोख नेलं जात असेल, तर ती आधी मागा. पावतीशिवाय पुढचा कोणताच रस्ता धड चालत नाही.

१६. फोन किती दिवसांत दुरुस्त व्हायला हवा? बंद दिवसांचे पैसे परत मिळतात?

ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, सेवा गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. लँडलाइन आणि फायबर ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांपलीकडे गेला तर पोस्टपेड आणि प्रीपेड दोन्ही ग्राहकांना भरपाई द्यावी लागते. ती आपोआप मिळाली नाही तर पुढच्या बिलानंतर डॉकेट नंबर देऊन मागा. 'रस्ता महापालिकेने खोदला' हे ऐकवलं जाईल, तरी मागणी लेखीच करा आणि नकारही लेखी घ्या.

१७. कस्टमर केअरच्या वर कोणाकडे जायचं? ट्रायला लिहू का?

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. पायऱ्या वेगळ्या आहेत.

पहिलं अपील कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे. त्याचा ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. अपीलाला फी नाही. तक्रार सोडवण्यासाठी कंपनीला असलेली मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय व्हायला हवा. मजकूर अर्ध्या पानाचा पुरे: डॉकेट नंबर, तारखा, बिघाड एका ओळीत आणि मागणी एका ओळीत. रागाचे परिच्छेद लिहिलेत की मागणी सापडत नाही.

त्यानंतर दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष, हेल्पलाइन १०६३ किंवा केंद्र सरकारचं सीपीग्राम्स पोर्टल. इथून विचारणा गेली की कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याचा फोन येतो, हा रस्ता अनेकदा सगळ्यात लवकर चालतो. समांतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करता येते. कंपनी बीएसएनएल असेल तर माहितीच्या अधिकारात तुमच्या डॉकेटवर काय शेरे मारले, हेही मागता येतं.

१८. ग्राहक आयोगात जाता येतं का? कोणी सांगितलं की टेलिफोनच्या केसेस तिथे चालत नाहीत.

२००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे तसं झालं होतं. १६ फेब्रुवारी २०२२ ला त्याच न्यायालयाने दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक मंच ऐकू शकतो, असा निर्णय दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगात, तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते.

दुकानदारांनी एक लक्षात ठेवावं. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा 'ग्राहक' या व्याख्येत बसत नाही, असा आक्षेप कंपनी घेते. स्वतः चालवलेल्या दुकानावर पोट असेल तर 'स्वयंरोजगाराने उपजीविका' हा अपवाद आहे, तो तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

१९. 'अनलिमिटेड' प्लॅन, तरी बिल जास्त. कशामुळे?

जाहिरातीतला आकडा बहुधा १८ टक्के जीएसटी सोडून असतो. त्यानंतर पाहायचं ते परदेशी कॉल, ओटीटीची न मागितलेली भर आणि ऑफरची संपलेली मुदत. देशातल्या कंपन्यांनी एकमेकांच्या कॉलवर आकारायचं इंटरकनेक्ट शुल्क १ जानेवारी २०२१ पासून शून्य आहे, त्यामुळे 'दुसऱ्या कंपनीला लावला म्हणून पैसे' हे कारण कोणी सांगितलं तर ते मान्य करू नका. आयएसडी लागत नसेल तर लेखी अर्जाने बंद करून घ्या.

२०. कनेक्शन बंद करायचं आहे, पण बिलं येतच आहेत.

बंद करण्याची विनंती अॅप किंवा ईमेलवर करा, नंबर घ्या. डबा, अॅडॅप्टर आणि असेल तर रिमोट परत देताना डब्याचा सीरियल नंबर लिहिलेली पोच घ्या. नेणाऱ्या मुलाच्या हातात नुसता डबा दिला आणि पोच राहिली, तर पुढे 'डबा परत आला नाही' म्हणून डिपॉझिट अडतं. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले असतील तर उरलेल्या महिन्यांच्या परताव्याची अट आधीच्या ऑर्डरच्या ईमेलमध्ये शोधा, फोनवरच्या आश्वासनावर जाऊ नका. बंद केल्याच्या तारखेनंतरच्या बिलाचा वाद प्रश्न १७ च्या वाटेने न्या.

२१. 'ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, नऊ दाबा' असा फोन येतो. खरं असतं का?

खोटं. ट्राय कोणाचाही नंबर बंद करायला फोन करत नाही. नऊ दाबू नका, आधार किंवा ओटीपी सांगू नका, कॉल वळवण्याचा कुठलाही कोड लावू नका. कॉल वळला की बँकेची आवाजातली ओटीपी त्यांच्याकडे जाते. असा नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू'मध्ये नोंदवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची शक्यता राहते.